पापडाच्या जागी बूट

१

"मॅडम, पापडाच्या जागी बूट आले!"

दैवशालाबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं आणि त्यांना रडू फुटलं. सुमेधाच्या हातातला कप तसाच राहिला. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागल्यापासून तिनं तऱ्हेतऱ्हेच्या तक्रारी ऐकल्या होत्या, पण बुटांनी पापडाची जागा घेतल्याची तक्रार पहिलीच.

"दैवशालाबाई, सावकाश सांगा. कुठं आले बूट?"

"मोबाइलात! मिथुननं बनवलेल्या ॲपच्या दुकानात! आमच्या बचत गटाचा समदा माल मी माझ्या हातानं भरल्ता. उडदाचे पापड, कुरडया, शेवया, खारोड्या. फोटूसकट. आता पाह्यलं तं एकबी न्हाई. पळायचे बूट दिसून राह्यले अन् एक कान असल्याला पेला."

तेवढ्यात फोन कुणीतरी ओढून घेतला. दुकानमालक अप्पारावांचा आवाज आला. अप्पारावांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून ते जगाशी नेहमी वरच्या पट्टीत बोलतात. आज ती पट्टीही कमी पडत होती.

"मॅडम, तुमच्या पोरानं दगा दिला. त्याला पुण्याची नोकरी लागली, अन् जाता जाता आमचं दुकान पुसून टाकलं. मी त्याच्याकून माळ्याची चावी घेतली. पण तुमच्या शब्दावर ठिवून घेतल्ता, म्हणून शटर पडायच्या आत तुमाला एक संधी देतो. या, अन् खरं काय ते दाखवा. न्हाई तं घेऊन जा त्याला."

"आणि उद्याचं उद्घाटन?"

"उद्याला टेंभुर्णीच्या बाया येनार, खेड्यापाड्याचे गिऱ्हाईक येनार. त्याईच्यासमोर बूट दाखवू का? आमच्या पोराचा, कल्याणचा दोस्त हाये, हरिओम. असल्या दुकानाचं तयार मशीन इकतो. ते घेऊन टाकीन."

सुमेधानं चहा तसाच ओट्यावर ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली. मिथुन तिचा विद्यार्थी. आष्टीहून रोज एसटीनं यायचा, पहिल्या बाकावर बसायचा आणि फार कमी बोलायचा. "पोरगं सोन्यासारखं आहे," असं तिनंच अप्पारावांना सांगितलं होतं. आता सोन्याला कसाला लावायची वेळ आली होती. जुन्या जालन्यात बातमी रिक्षाच्या आधी पोचते. "मालकाचा माल पुसून पळाला" हे एकदा नावाला चिकटलं की आष्टीत त्याच्या आईलाही ते ऐकावं लागलं असतं.

२

जुन्या जालन्यातल्या त्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळणं हे स्वतःच एक रहस्य आहे. सुमेधानं स्कूटर एका हातगाडीला खेटून उभी केली आणि ती दुकानाच्या पायरीशी आली. पायरीवर लाह्या सांडल्या होत्या, चिमण्या त्या टिपत होत्या. कुठल्यातरी पोत्याला भोक पडलं असावं, असं मनाशी म्हणून ती वर चढली.

अप्पारावांचं दुकान एका अंगाला किराणा आणि दुसऱ्या अंगाला कापड असं आहे. मधे गादी. गादीच्या मागे देवाचं फळकूट, त्यावर प्लग लावला की जप म्हणणारी एक छोटी डबी. ती बारीक आवाजात गणपतीचा मंत्र म्हणत होती. शेजारी भिंतीवर मेनचा मोठा लाल खटका, आणि त्यावर चिकटपट्टीनं लावलेला कागद: "रात्री दुकान बंद करताना हा बंद करू नये. – मिथुन."

"हे काय?" तिनं विचारलं.

"त्याचं मशीन माळ्यावर रातंदिस चालू पाह्यजे म्हणे," अप्पाराव म्हणाले. "म्हणून मी रोज राती एकेक बटन येगळं बंद करतो. पंखा येगळा, लाईट येगळी, देवाची डबी येगळी. शब्द देल्ता, पाळला. एकबी रात चुकलो न्हाई. अन् त्यानं काय केलं?"

"त्यानंच केलं हे कशावरून?"

"मंग कोण करनार? मला त्यातलं कळत न्हाई, दैवशालाबाई सोताच्या पोटावर पाय देनार न्हाईत, अन् कल्याणनं तं त्याला कधी हातबी लावला न्हाई."

कल्याण हा अप्पारावांचा मुलगा. तो कापडाच्या बाजूला गठ्ठ्याला टेकून उभा होता आणि बोटातली पोवळ्याची अंगठी फिरवत होता. "मी तं पहिल्यापासून म्हणून राह्यलो," तो म्हणाला, "हा सगळा बेकारचा खर्चा हाये."

सुमेधानं गादीवरचा टॅब उचलला. मिथुनचं दुकान त्यात उघडंच होतं. पळायचे बूट, कॉफीचा मग, निळा टी-शर्ट, उन्हाळी टोपी. जुन्या जालन्यात कॉफीचा मग मागायला कोण येणार, देव जाणे. तिनं दैवशालाबाईंचा मोबाइल पाहिला. तेच बूट. खांद्याच्या पिशवीतून लॅपटॉप काढला, दुकानाच्या वायफायला जोडला आणि तिथंही पाहिलं. तोच मग.

हे दुकान तिन्ही ठिकाणी दिसायचं खरं, पण ते अजून गल्लीबाहेर पडलेलं नव्हतं. माळ्यावरच्या एका जुन्या मशीनमध्ये ते राहायचं आणि अप्पारावांच्या वायफायपुरतंच चालायचं. नाटक गावासमोर करायच्या आधी घरातल्या घरात तालीम करतात ना, तसं. तिन्ही पडद्यांवर तेच दिसतंय म्हणजे दोष मोबाइलचा नाही, टॅबचा नाही. जे काही घडलं ते माळ्यावर घडलं.

आणि आणखी एक गोष्ट तिला खुपत होती. चोर घर साफ करून जातो. जाताना त्या जागी दुसऱ्याचं सामान मांडून कोण जातो?

३

माळ्यावर जायची शिडी कापडाच्या बाजूनं होती. सुमेधा वर गेली, मागून दैवशालाबाई आल्या. मिथुन खाली मागच्या ओट्यावर बसून होता. त्याला वर यायला मनाई होती.

माळा नीटनेटका होता. टेबलावर अप्पारावांनी दिलेलं जुनं मशीन गुरगुरत होतं. त्याचा प्लग एका लांब पट्टीत होता, आणि त्याच पट्टीत एक पांढरा चार्जर लोंबकळत होता.

"हा कुणाचा?"

"माझा," दैवशालाबाई म्हणाल्या. "सकाळी मोबाइल लावल्ता. तिसऱ्या भोकात लावला, ते रिकामंच होतं. मी दुसरं कायबी हलवलं न्हाई मॅडम, लेकराची आण."

सुमेधानं मशीनला विचारलं, कधीपासून जागं आहेस? मशीनं अशा गोष्टी लपवत नाहीत. उत्तर आलं, आज दुपारपासून. म्हणजे दुपारी ते बंद पडलं होतं आणि पुन्हा सुरू झालं होतं.

मग तिनं मिथुननं लिहिलेली आज्ञावली उघडली. मशीन सुरू झालं की दुकान आपोआप उभं राहावं, अशी त्यानं व्यवस्था केली होती. आणि पहिल्याच पानावर तिला ती ओळ दिसली, जी प्रत्येक बनवणारा सुरुवातीला सोयीसाठी लिहितो आणि नंतर काढायची विसरतो. दुकान उभं राहताना आधीचा सगळा माल झाडून टाका, आणि नमुन्याचा माल मांडा. तालमीच्या दिवसांत ते बरं असतं. किती का मोडतोड केली, बंद करून सुरू केलं की पाटी कोरी.

"दैवशालाबाई, बूट कुणी आणले नाहीत. ते पहिल्यापासून इथलेच आहेत. मशीन बंद होऊन सुरू झालं, आणि त्यानं आपलं पहिल्या दिवसाचं दुकान मांडलं."

"म्हणजे आमचा माल गेला?"

"मशीनमधला गेला."

त्या खाली बसल्या. गटातल्या बायकांनी उन्हात बसून वाळवण घालायचं आणि यांनी सावलीत बसून त्याचे फोटो काढायचे, असं ठरलं होतं. एकेक फोटो काढायला ताट पुसून, कुरडई मधोमध ठेवून, पदरानं माशा हाकत बसावं लागे. "बायाईला काय तोंड दाखवू?" असं त्या हळूच म्हणाल्या. सुमेधाला त्याचं फार वाईट वाटलं.

"फोटो तुमच्या मोबाइलात आहेत का अजून?"

होते. सुमेधानं ते एकेक सरकवून पाहिले. पापड, पापड, खारोड्या, शेवया, आणि मग एकदम एक जांभळी साडी. पदर नीट दिसावा म्हणून कुणीतरी तो हातानं ताणून धरला होता. पुढे हिरवी साडी. पुढे पुन्हा कुरडया.

"ह्या साड्या?"

दैवशालाबाईंनी मोबाइल एकदम पदराखाली घेतला. "त्या... त्या आशाच काढल्या," त्या म्हणाल्या आणि शिडीकडे निघाल्या.

४

मागच्या ओट्यावर मिथुन गुडघे जवळ घेऊन बसला होता. सुमेधा त्याच्या शेजारी टेकली. पलीकडे कुणाच्या तरी गच्चीवर शेवया वाळत होत्या.

"दुपारी कुठं होतास?"

"खानावळीत, मॅडम. जेवायला गेल्तो."

"आल्यावर काय दिसलं?"

"दैवशालाकाकू रडत होत्या. वर जाऊन पाह्यलं तं..." तो थांबला. "माझ्याच हातून झालं, मॅडम. मीच बंद केलं मशीन. चुकून."

"खानावळीत बसून?"

मग पुण्याच्या नोकरीचं तिनं विचारलं. ती खरी होती. पुढच्या महिन्यात जायचं होतं, अप्पारावांना सांगायचं धाडस होत नव्हतं, आणि ते कल्याणकडून त्यांच्या कानावर गेलं. "पण मी काम पुरं करूनच जानार होतो. उद्याचं झालं की सगळं बाहेर, इंटरनेटवरच्या पक्क्या जागेवर ठिवनार होतो. ती ओळबी काढनार होतो. काकू एवढ्या हौसेनं भरून राह्यल्या, त्याईला कसं सांगू की हे खरं दुकान न्हाई, तालीम हाये? उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राह्यलो."

"ती तुझी चूक. पण ती आजची चूक नाही. मशीन कुणी बंद केलं?"

"सांगितलं ना, मी."

मिथुनला खोटं बोलता येत नव्हतं. ती कला पहिल्या बाकावर शिकायला मिळत नाही. बोलताना त्याची नजर वर माळ्याच्या खिडकीकडे गेली, आणि खिडकीतून तो पांढरा चार्जर दिसत होता. सुमेधाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"तुला वाटतं, दैवशालाबाईंनी चार्जर लावताना तुझा प्लग काढला."

त्यानं मान खाली घातली. "अप्पांना कळलं तं ते त्याईचा माल दुकानात ठिवनार न्हाईत. मी तं असाबी जानारच हाये. त्याईनी कुठं जायचं?"

सुमेधाला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी भरूनही आलं. गाढवा, म्हणावं, की शाबास, हे तिला ठरवता येईना. शेवटी ती म्हणाली, "ऊठ. तोंड धू. तू केलं नाहीस हे मला कळलंय. आता कुणी केलं ते पाहू."

५

कल्याणला तिनं कापडाच्या बाजूला गाठलं.

"आज सकाळी तुम्ही माळ्यावर गेला होता?"

"कोण म्हणतं?"

"शिडी तुमच्याच बाजूला आहे. आणि ही अंगठी पुढच्या वेळी काढून ठेवत जा. फोटोत जांभळ्या साडीपेक्षा पोवळंच जास्त उठून दिसतं."

कल्याण आधी लाल झाला, मग हसला. गठ्ठ्याआड सरकून त्यानं आवाज खाली आणला. "बाबांना सांगू नका. मी चारचौघांत नावं ठिवली या ॲपला, आता कोणत्या तोंडानं म्हणू की माझ्या साड्याबी घाला? म्हणून दैवशालाकाकूला म्हणलं, गुपचूप भरा. सकाळी वर जाऊन पाहून आलो, बराबर दिसतात का. झकास दिसत होत्या, मॅडम. काकूच्या मालाबरोबर माझ्याबी गेल्या."

म्हणजे ज्याच्यावर पहिला संशय घ्यावा, तोच लुटला गेलेल्यांत निघाला. सुमेधानं त्याला हरिओमबद्दलही विचारलं. हरिओम आठवडाभर इकडे फिरकलेला नव्हता.

"दुपारी लाईट गेली होती का?"

"आपली लाईट जातच न्हाई. इन्व्हर्टर हाये. गल्लीत अंधार झाला तरी आपला पंखा फिरत राह्यतो."

"मग तुम्ही दुपारी इथंच होता?"

"इथंच. सगळे इथंच. म्हणजे मधी जरासं बाहेर ओट्यावर आल्तो समदे, पण दुकान सोडून कोणी गेलं न्हाई."

सुमेधा गादीजवळ येऊन उभी राहिली. कुणी मशीन बंद केलं नाही, वीज गेली नाही, वर कुणी नव्हतं. दैवशालाबाई खोटं बोलत नव्हत्या, कल्याणला गरज नव्हती, मिथुन नव्हताच. आणि तरी मशीन दुपारी निजलं होतं आणि उठलं होतं. अप्पाराव घड्याळाकडे पाहत होते. शटर पाडायची वेळ जवळ येत होती.

देवाच्या फळकुटावरची डबी अजून गणपतीचाच मंत्र म्हणत होती.

"अप्पा," ती मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही गणपतीचे भक्त का?"

"मी? मी रामाचा. रोज सकाळी डबी लावतो, ती गणपतीपासून सुरू होती. मंग बटन दाबत दाबत रामावर आणून ठिवतो. दिवसभर राम असतो."

"आता राम नाहीये."

अप्पारावांनी कानाला हात लावून ऐकायचा प्रयत्न केला. कल्याणनं पुढे होऊन कान दिला. "खरंच की, बाबा. गणपती हाये."

सुमेधा पायरीकडे वळली. चिमण्या उडून गेल्या होत्या, पण फटींत अडकलेल्या लाह्या तशाच होत्या. तिनं वाकून पाहिलं. लाह्यांवर गुलाल होता.

तिला सगळं कळलं. आणि ते मोठ्यानं बोलायचं कसं, याचा तिला प्रश्न पडला.

६

तिनं सगळ्यांना गादीजवळ बसवलं. मिथुनलाही आत बोलावलं. अप्पारावांनी भुवया वर केल्या.

"दैवशालाबाई, आधी एक काम करा. बाजरीच्या खारोड्या पुन्हा भरा. एकच फोटो."

दैवशालाबाईंनी भरल्या. टॅबवर बूट, मग, टोपी आणि त्यांच्या रांगेत खारोड्या आल्या.

"आता ऐका. माझा आधी समज होता की माळ्यावरचा प्लग निघाला असेल. पण देवाची डबी खाली आहे, तिचा प्लग वेगळा. ती पण दुपारी बंद होऊन पुन्हा सुरू झाली, म्हणून ती रामावरून गणपतीवर आली. म्हणजे एका मशीनची नाही, सगळ्या दुकानाची वीज बंद झाली होती. म्हणजे दैवशालाबाईंच्या चार्जरचा यात काही दोष नाही."

मिथुननं चमकून दैवशालाबाईंकडे पाहिलं. त्यांना काय चाललंय ते कळलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं सगळ्यांना दिसलं.

"पन लाईट तं गेलीच न्हाई," अप्पाराव म्हणाले.

"नाही गेली. अप्पा, आज दुपारी गल्लीतून मयत गेली ना?"

अप्पारावांचा आवाज प्रथमच खाली आला. "कचरूची. कचरू हमाल. माझ्या बापापासून आमच्या दुकानात पोते वाह्यले त्यानं. लई चांगला मानूस."

"मयत दारावरून जाताना तुम्ही काय करता?"

"जे समदी गल्ली करती तेच. मान देतो."

"कसा? मला करून दाखवता का? जसं दुपारी केलं, अगदी तसं."

अप्पाराव उठले. या बाईचं डोकं ठिकाणावर आहे का, असं त्यांना वाटलं असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. त्यांनी टोपी काढून गादीवर ठेवली. कोपऱ्यातला आकडा घेऊन शटर अर्धं खाली ओढलं. मग ते बाहेर जायला वळले, आणि वळता वळता त्यांचा डावा हात आपसूक भिंतीकडे गेला. त्यांनी त्याकडे पाहिलंही नाही. लाल खटका खाली आला.

खटका इन्व्हर्टरच्याही पुढचा होता. पंखा मंदावला. डबी गप्प झाली. अर्ध्या शटरखालून येणाऱ्या उजेडात सगळे जण अप्पारावांच्या हाताकडे पाहत राहिले. तो अजून खटक्यावरच होता. मग अप्पारावांनीही तिकडे पाहिलं.

"मान द्यायचा तं पंखे फिरवत, दिवे जाळत, डबी वाजवत कसा द्यायचा?" ते म्हणाले. पण ते स्वतःशीच बोलत होते. "बापानं शिकवलं. शटर अर्धं अन् खटका खाली."

"लावा परत, अप्पा."

त्यांनी खटका वर केला. पंखा फिरू लागला. डबीनं गणपतीपासून सुरुवात केली. वर माळ्यावर मशीन गुरगुरलं. थोड्या वेळानं सुमेधानं टॅब त्यांच्यासमोर धरला. बूट होते, मग होता, टोपी होती. खारोड्या नव्हत्या.

"मिथुननं सांगितलं, रात्री दुकान बंद करताना खटका बंद करू नका," सुमेधा म्हणाली. "तुम्ही एक रात्र चुकला नाहीत. पण दुपारी तुम्ही दुकान बंद करत नव्हता, तुम्ही माणसाला निरोप देत होता. ते तुमच्या हिशेबात बंद करणं नव्हतंच. आणि बाकीचे सगळे ओट्यावर हात जोडून, रस्त्याकडे तोंड करून उभे. आत काय झालं ते कुणी पाहिलं नाही. मी दहा वेळा विचारलं असतं तरी तुम्ही सगळ्यांनी हेच सांगितलं असतं, कुणी काही बंद केलं नाही. आणि ते खरंच म्हणून सांगितलं असतं."

अप्पारावांनी टोपी उचलली, पण डोक्यावर घातली नाही.

"मिथुन," ते म्हणाले, "मी तुला चोर म्हणलो."

"जाऊ द्या, अप्पा."

"कसं जाऊ देऊ? गल्लीभर ऐकू जाईल आसं म्हणलो. मला हळू बोलता येत न्हाई." ते शटरपाशी गेले, ते पूर्ण वर ढकललं, आणि समोरच्या भुसार दुकानापासून कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "पोराची काय चूक न्हाई! चूक माझी हाये! मिथुन चांगला पोरगा हाये!"

समोरचा भुसारवाला मान हलवून "बरं" म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. मिथुनच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पारावांनी खिशातून माळ्याची चावी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"चूक माझीबी हाये, अप्पा," मिथुन म्हणाला. "ती ओळ मी तवाच काढायला पाह्यजे होती. अन् काकू, तुमाला सांगायला पाह्यजे होतं की हे अजून पक्कं न्हाई."

"मला काय कळलं असतं डोंबल?" दैवशालाबाई म्हणाल्या. "पन सांगायचं रे बाबा. इचारल्यावर तरी सांगायचं." मग त्या पदर खोचून उठल्या. "चला. फोटू माझ्यापाशी हायेत समदे. जल्दी भरून टाकू. कल्याण, तुमच्या त्या साड्या..."

"कोणत्या साड्या?" अप्पाराव म्हणाले.

कल्याणनं छताकडे पाहिलं.

७

सकाळी टेंभुर्णीहून बायका आल्या, खेड्यापाड्यातले गिऱ्हाईक आले. दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. मिथुननं आदल्या संध्याकाळी ती ओळ काढली होती, माल साठवायची सोय बाहेरच्या पक्क्या जागेवर केली होती, आणि मग कल्याण आणि दैवशालाबाईंनी मिळून एकेक वस्तू परत भरली होती. आता पडद्यावर पापड होते, कुरडया होत्या, त्यांच्या शेजारी जांभळी साडी होती. दैवशालाबाई आपल्या बायकांना एकेक फोटो दाखवत होत्या, आणि ज्या बाईचा पापड दिसे ती लाजून पदर तोंडाला लावत होती.

"थांबा," अप्पाराव म्हणाले.

ते उठले आणि भिंतीपाशी गेले. लाल खटक्यावरचा मिथुनचा कागद त्यांनी हलकेच काढून, घडी करून खिशात ठेवला. मग सगळ्यांच्या देखत खटका खाली ओढला.

पंखे थांबले. डबी थांबली. दैवशालाबाईंनी मोबाइल छातीशी धरला. सुमेधाला मिथुनच्या हाताची आवळलेली मूठ दिसत होती. अप्पारावांनी मनातल्या मनात बहुतेक कचरूचं नाव घेतलं असावं, कारण त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी खटका वर केला.

डबीनं गणपतीपासून आरंभ केला. वर मशीन जागं झालं. सगळ्यांनी मोबाइलात डोकी घातली.

"हायेत!" दैवशालाबाई ओरडल्या. "समदे हायेत! माझ्या खारोड्या हायेत!"

अप्पारावांनी टॅब हातात घेतला, चष्मा नाकावर खाली केला आणि सगळा माल वरपासून खालपर्यंत पाहिला. एकही बूट नव्हता. मग ते मिथुनकडे वळले.

"पुन्याला जाय खुशाल. तुझं काम पक्कं झालं." आणि कल्याणकडे पाहून, नेहमीच्या वरच्या पट्टीत म्हणाले, "ऐकून ठिव रे. माझी मयत निघंल तव्हाबी शटर अर्धं वढ, अन् हा खटका दाब. भिऊ नको. बायाईचा माल जागेवर ऱ्हाईल."

कल्याण पुढे झाला आणि त्यानं डबीचं बटन दाबत दाबत ती रामावर आणून ठेवली.